श्रीपती सुतारांचं खातं

उद्यमनगरात, आमच्या फाउंड्रीच्या जिन्याखाली
जिथं आधी चहाचा स्टो असायचा
तिथं आता सर्व्हर आहे.
वर काळ्या वाळूचा थर. रोज पुसते, रोज असतो.
मी रेहाना मुजावर. हिशेब लिहायला आले होते.
पण ज्याला पासवर्ड आठवतो
त्यालाच सगळे पुढं ढकलतात.

सोमवारी पुण्याला धाडलेलं कोटेशन परत आलं,
मग चाकणचं, मग बेळगावचं.
आमचा पत्ता म्हणे काळ्या यादीत.
चौगुले मालक चष्मा काढून बसले,
"आपण कुणाचं काय केलंय गं?
चाळीस वर्षांत एकाचं बिल थकवलं नाही."

रात्री लॉग उघडला.
दोन वाजून दहा मिनिटांपासून उजाडेपर्यंत
एकोणचाळीस हजार पत्रं आमच्या दारातून गेली होती.
वजन उतरवायच्या गोळ्या, बिनतारण कर्ज, लॉटरी,
आणि प्रत्येकाच्या खाली
श्रीपती सुतार, पॅटर्न विभाग.

काका जाऊन दोन वर्षं होत आली.
त्या दिवशी भट्टी पेटली नव्हती.
पगारपत्रकातलं नाव मीच खोडलं,
पीएफच्या फॉर्मवर काकींची सही घेतली,
खातं बंद करायचं तेवढं राहिलं.
पासवर्ड, सुतार एक दोन तीन.
तोही मीच लावून दिलेला,
त्यांना सोपं जावं म्हणून.

बंद करायच्या आधी आत डोकावले.
पाठवलेल्यांत चार पत्रं त्यांची, बाकी चोराची.
अर्धवट राहिलेल्यांत एकच,
एका बोटानं टाइप केलेलं:
"मालकांस, गुरुवारी रजा पाहिजे. कारण"
पुढं काही नाही.

मग बटण दाबलं.

मग बाकीची कामं, पहाटेपर्यंत.
लॉगिनशिवाय कुणाचंही टपाल पुढं धाडायचं नाही.
तीन वेळा चुकला की दार बंद.
तासाला पन्नासच्या वर पत्रं नाहीत, मालक असले तरी.
बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर आमचा शिक्का,
आणि तो शिक्का खरा का ते विचारायला
जगाला एक उघडी नोंद.
सगळ्यांचे पासवर्ड बदलले.
डिस्पॅचचा दगडू तोंड पाडून म्हणाला,
"एवढं लांबडं? माझ्या म्हशीचं नाव बरं होतं की."

बुधवारी कुरुंदवाडची पंपांची ऑर्डर
माझ्या गाळणीनं कचऱ्यात टाकली.
मालक काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हा काकांचं आठवलं.
साच्यापाशी उकिडवे बसून सांगायचे,
"वाळू लई घट्ट ठोकलीस तर वाफ आत कोंडती,
माल भोकाभोकाचा निघतोय.
सैल ठेवलीस तर रस साचाच धुऊन नेतोय.
वारा जाऊ दे, रस राहू दे,
एवढंच वाळूचं काम."

ठोकणं थोडं कमी केलं.
अनोळखी पत्र आलं की आता सर्व्हर म्हणतो,
पाच मिनिटांनी या.
ज्याचं खरं काम असतं तो परत येतो.
चोराला पुढची हजार दारं असतात,
तो थांबत नाही.
रोज दुपारी कचराही चाळून बघते,
गहू निवडावा तसा.

दहा दिवसांनी काळ्या यादीतून सुटलो.
मालकांनी सगळ्यांना कांदाभजी मागवली.

त्याच संध्याकाळी काकींचा फोन.
"रेहाना, अगं मागं रात्रीचं ह्यांचं पत्र आलंतं
माझ्या मोबाइलवर. वरती नाव होतं बघ, सगळं.
खाली कसल्या गोळ्यांचं लिवलंय, मला कळंना.
नातू म्हणतोय काढून टाक.
म्या ऱ्हाऊ दिलंय."

जिन्याखाली पंखा घरघरत होता.
खरं काय ते सांगायला तोंड उघडलं,
आणि म्हणाले,
"ऱ्हाऊ दे, काकी.
फक्त त्यातल्या निळ्या ओळीवर
बोट तेवढं लावू नका."