आईचा रकाना

गंगावेशीत पहाटे साडेचारला
कट्ट्यावर पेले विसळले जातात
आणि मी रबरी हातमोजे चढवते.
सुबराव गवळ्यांची बिजली माझ्याकडं बघतही नाही.
तिची शिंगं मागं, पार खांद्याच्या पलीकडं गेलेली;
त्यांच्या अलीकडं उभं राहायला जागा शोधावी लागते.

मानेची शीर अंगठ्यानं दाबायची.
जांभळ्या टोपणाची नळी भरते, तेवढ्यात
खाली बादलीत धार वाजायला लागते.
दोन्ही एकाच अंगातलं. एक माझं, एक पैलवानांचं.

"त्यात काय दिसतंय वो?"
सांगते: म्हशीची गुणसूत्रं पन्नास, गाईची साठ.
"धा जादा आसून फॅट निम्मी?
मग त्या धांचं करती काय गाय?"
रांगेतल्या एका पोराला दूध नाकातून येतं.

मी सांगत राहते. काचेच्या पट्टीवर नव्वद हजार ठिपके,
प्रत्येकाचा एकच प्रश्न: इथं कुठलं अक्षर?
मग शेकडो म्हशींची अक्षरं
आणि त्यांच्या दुधाचे आकडे समोरासमोर बसवायचे,
दूध कुठल्या गल्लीत राहतं, शिंगाचा बाक कुठल्या,
याचा माग काढत जायचं.
गल्ली सापडते कधीकधी.
घर नंबर अजून नाही.

वंशावळ त्यांनी तोंडानं सांगितली होती:
बिजली, तिची आई शेवंता, तिची मोरणी, तिची तुरा.
न अडखळता, पाढ्यासारखी.

महिन्याभरानं अहवाल आला.
एक खूण असते, आईकडूनच उतरते,
बाप त्यात हात घालत नाही.
तुराच्या बाकी गोतावळ्यात ती एक, बिजलीत दुसरी.
बिजलीची जुळली नदीपलीकडं,
चिखलीत, हौसाक्का कळक्यांच्या गोठ्यात.
नळ्या बदलल्या असतील म्हणून तीनदा तपासलं.
नव्हत्या बदलल्या.

सुबराव बराच वेळ खुंटा हलवून बघत राहिले.
"दोन हजार पाच," म्हणाले.
"पाणी गोठ्यात शिरलं, दावी कापली आमी.
आठ दिसांनी हायवेवर ही रेडकं, मोजता येईनात.
आबानं एक उचलून आणलं. म्हणला, हीच मोरणी.
तुरानं हुंगलं. लाथ हाणली.
दुसऱ्या दिशी पाजलं."
मग हळूच, "आन् आमची कुठं गेली?"
ते माझ्या पट्टीवर नव्हतं.

फॉर्मवर मोरणीच्या आईसाठी एकच रकाना.
मी पेन उघडून थांबले.
"तुरा खोडू नगासा. शेजारी दुसरं ल्हिवा."
दोन नावं संगणक घेत नाही, मी म्हटलं,
आणि जागा सोडली समासात.

त्यांनी मोबाइल काढला, चष्मा धोतराला पुसला.
"त्यो चिखलीचा नंबर सांगा.
नाव इचारतो त्या म्हशीचं.
म्हणतो, सोयरीक निघाली."