कार्बन प्रत

लुमीर कोवांडाच्या सन्मानाचं जेवण आहे आज,
कॉलेजच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेघांवर मांडलेल्या टेबलांशी.
डुकराचं मांस, आंबट कोबी, खसखशीची कोलाची.
नेब्रास्कातले आम्ही चेक लोक
कुणाचाही गौरव असाच करतो, आधी पोटातून.

महापौर म्हणतात, गावाचा आधारस्तंभ.
डीनबाई म्हणतात, दूरदृष्टी.
मी सदतीस वर्षं त्याच्या बँकेत, खिडकी क्रमांक दोन.
मला ठाऊक आहे दृष्टी किती दूरची:
कपाळावरचा चष्मा तो गावभर शोधायचा.

एकोणऐंशी साली कॉलेजनं कर्ज मागितलं,
तेव्हा नकाराचं पत्र मीच टाइप केलं.
"संस्थेला भवितव्य दिसत नाही."
'भवितव्य' लिहिताना माझं एक अक्षर चुकलं,
त्यानं अख्खं पत्र पुन्हा करायला लावलं.
नकारसुद्धा शुद्ध हवा, म्हणाला.

त्याच जानेवारीत कॉलेजचा बॉयलर फुटला
आणि नर्सिंगच्या सहा मुली
मेन स्ट्रीटवरच्या लाँड्रीत,
ड्रायरमध्ये फिरणाऱ्या परक्या चादरींच्या उबेला बसून
हाडांची नावं पाठ करत होत्या.
हा शर्ट आणायला गेलेला.
एकीनं सरळ त्याचा हात ओढला, बाही वर सारली,
मनगटातली हाडं बोट ठेवून मोजली.
सातव्यावर अडली.
आठवं त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक खातं उघडलं.
कुणाच्या नावानं, मी विचारलं.
"बॉयलरच्या."

पुढचं सगळं फलकावर आहे.
फलकावर नाही ते एवढंच:
हिवाळ्यातल्या रात्री, गाडी चालूच ठेवून,
तो वाचनालयासमोर थांबायचा
आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजायचा,
अंगठा जिभेला लावून, नोटा मोजाव्यात तशा.
सकाळी मला आकडा सांगायचा. अकरा. चौदा.
वादळाच्या रात्री एकदा: एक.
"एक तर एक. जमेला धर."

पडदा सरकतो. पितळेवर त्याचं नाव.
जन्मभर दुसऱ्यांच्या नावे रकमा टाकलेला माणूस
स्वतःचं नाव बघून बावरतो,
भाषणाचा कागद घडी करून परत खिशात.

माझ्याजवळून जाताना वाकतो.
"आर्लीन, त्या पत्राची प्रत आहे अजून?"
आहे. तिसऱ्या खणात.
"असू दे," म्हणतो,
आणि मनगट चोळत
कोलाचीच्या रांगेत उभा राहतो, सगळ्यांत मागं.