हाळी

रात्री अडीचला, क्लाक्सविकच्या मासे-कारखान्यात
नव्या वजनकाट्याची वायर भिंतीत लावली,
आणि त्यानं पहिलं काय केलं असेल तर
तो ओरडला.

तोंडानं नव्हे, तारेतून.
मला पत्ता नाही. कुणी देईल का?
पाठवणाऱ्याच्या रकान्यात चार शून्यं,
घेणाऱ्याच्या रकान्यात चारदा दोनशे पंचावन्न,
म्हणजे, ज्याला ऐकू येईल त्याला.

ऐकलं सगळ्यांनी.
बर्फाच्या यंत्रानं, लेबलं छापणाऱ्या प्रिंटरनं,
इल्सेबाच्या टेबलावरच्या फोननं,
जेवणघरातला टीव्ही, जो कुणीच बघत नाही, त्यानंसुद्धा.
प्रत्येकानं हातातलं काम क्षणभर टाकलं,
वाचलं, आपलं नव्हे म्हणून सोडून दिलं.
एका हाळीची किंमत अशी
न विचारता घरटी वसूल होते.

राउटरनंही ऐकलं.
तो वेशीवरचा माणूस.
दवंडी त्याच्या पायाशी येते आणि संपते.
बहिरा नाही तो. पण प्रत्येक गावची हाक
पुढच्या गावात सोडत गेला असता
तर या अठरा बेटांवर कुणाचा डोळा लागला नसता.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
चार वर्षांपूर्वी योआन्नेसनं, "भोक रिकामं दिसलं" म्हणून,
वायरचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खुपसलं.
एक हाक निघाली, फिरून परत आली,
परत निघाली, तिच्यामागे दुसरी, तिसरी.
तारेतल्या हाकेला वय नसतं,
ती दमत नाही, मरत नाही.
मिनिटभरात कारखाना आपल्याच आवाजात बुडाला.
सॅल्मन पट्ट्यावर तशीच पडून.
तेव्हा समुद्रापलीकडे, तोर्शावनच्या ऑफिसात,
सगळं शांत. वेस मधे होती.
तिथून मोबाइलवर विचारलं,
"तुम्ही आज काहीच का बोलत नाही?"

आणि आज पत्ते वाटणारा नेमका तिकडेच बसलेला.

काटा चार सेकंद थांबून ओरडला,
मग आठ, मग सोळा.
शेवटी त्यानं स्वतःलाच नाव ठेवलं :
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढे काहीतरी.
वेशीबाहेर न चालणारं नाणं.

हॉग्नी कॉफी घेऊन आला. रात्रीचा राखणदार, वय बहात्तर.
"काय म्हणतोय हा?"
मी सांगितलं.
"मग मधे कुणी नाही?"

त्याचा आजा टोकावरच्या घरात राहायचा.
देवमाशांचा कळप दिसला की गाव ओरडायचं,
पण खाडी ओलांडेल एवढा घसा कुणाचाच नव्हता.
आजा डोंगरावर जाऊन आग पेटवायचा.
"आणि कुठल्या दगडावर पेटली," हॉग्नी म्हणाला,
"त्यावरून पलीकडच्यांना कळायचं, कुठलं गाव हाक मारतंय."

मी त्याच्याकडे बघत राहिले.
मग राउटरमध्ये एक ओळ लिहिली. तीच राहून गेली होती.

आता हाळी आली की तो तिला वेशीबाहेर सोडत नाही.
तिची घडी घालतो, पत्र करतो,
कोपऱ्यात आपल्या वेशीचा पत्ता टाकतो,
तोच आजाचा दगड,
आणि एकाच माणसाच्या नावे धाडतो.
बोगद्यातून, समुद्राच्या पोटातून, पत्र गेलं.
उत्तर आलं ते वेशीवर,
तिथून काट्यापर्यंत.
दहा, सात, तीन, एक्केचाळीस.

पत्ता मिळाल्यावर त्यानं काय केलं असेल?
पुन्हा ओरडला.
हा पत्ता इथे आणखी कुणाचा आहे का?

यंत्रं थांबली, ऐकलं, कामाला लागली.
कुणी काही बोललं नाही,
आणि या एका प्रश्नाला हेच उत्तर हवं असतं.

हॉग्नीनं आपला कप काट्यावर ठेवला.
तीनशे बारा ग्रॅम.
"कॉफीसकट," तो म्हणाला.