माझ्यामागे कोणाला

दर नोव्हेंबरात मी सवतीला
कळव्याहून रिक्षात घालून, खाडीच्या पुलावरून
नौपाड्यातल्या बँकेत नेते
ती जिवंत आहे हे दाखवायला.

सवत म्हणते खरी.
कागदावर पाहिलं तर मीच कुणाची कोणी नाही.
गंगाराम पाष्टे, पाणी खातं, चावीवाला.
वारस : पत्नी द्वारका.
खाली आणखी एक रकाना होता,
तो तसाच कोरा.

पहाटे साडेतीनला उठून तो
किसननगरच्या गल्ल्यांतल्या चाव्या फिरवायचा.
कुठल्या चाळीला किती वेळ, सगळं मनगटात पाठ.
पाण्यावरून बायका भांडल्या तर सोडवायचाही.
घरचं भांडण मात्र
मागे ठेवून गेला.

तेराव्याला आम्ही दोघी भांडलो, भांडी आपटली.
मग जूनमध्ये ती गावाहून एकटीच आली,
एक पत्र्याची पेटी, कुळथाची पिशवी.
दारातूनच म्हणाली,
"मला दिसत नाही, तुझ्याकडे पैसे नाहीत.
बघ कसं जमतंय."
नऊ वर्षं झाली,
बघतोच आहोत.

तिच्या गोळ्या मी मोजते.
रात्री तिला ठसका लागला तर आधी मी उठते,
आणि ती गाढ झोपली तरी
नाकापाशी हात धरून पाहते.
ह्याला माया म्हणायचं की हिशेब
मला विचारू नका.

बँकेत रांग.
प्लॅस्टिकच्या पिशवीत अख्खी नोकरी घेऊन आलेले मास्तर.
प्रेसमध्ये पंजा गेलेला एकजण,
डाव्या हाताने फॉर्म धरून, भरायला कुणी मिळतंय का बघत.
आणि एक पोरसवदा बाई, कडेवर बाळ.
तिला पाहिल्यावर सगळ्या म्हाताऱ्या
गुडघ्यांविषयी बोलायच्या थांबल्या.

द्वारकाचा अंगठा मशीन घेईना.
एकदा, दोनदा, पदराला पुसून तिसऱ्यांदा.
भात लावून, शेणाने सारवून
रेघा कधीच्याच मातीत गेल्या.
"अगो, मी हितं उभी आहे, बोलतेय,
तेवढं पुरत नाय होय?"
खिडकीतली पोरगी हसली. "आजी, डोळा दाखवा."
मोतीबिंदू काढलेला तो एक डोळा
तिने असा वटारला
की मशीनही लगेच हो म्हणालं.

चला, बारा महिन्यांची सोय झाली.
मी तिचा दंड धरला, तर ती हलेना.
"पोरी, आणि माझ्यामागे कोणाला?"

"मुलं आहेत?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
"एक आहे," द्वारका म्हणाली. "जयेंद्र. पायांनी अधू.
घरी बसून मिक्सर दुरुस्त करतो."
"मग मिळू शकतं, आजी. अपंगत्वाचा दाखला लागेल.
आणि जन्मदाखला.
आईचं नाव काय त्यावर?"

द्वारका गप्प.
मागून कोणीतरी म्हणालं, आटपा लवकर.
"शालन," मी म्हटलं.
नऊ वर्षं त्या खिडकीशी येतेय,
माझं नाव तिथे पहिल्यांदाच उच्चारलं गेलं,
तेही मलाच उच्चारावं लागलं.

पोरीने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बापाचं नाव आहे ना? मग अर्ज करा, पालिकेत.
वेळ लागेल. पण करा."
आणि एका चिठ्ठीवर
सात कागदांची नावं लिहून दिली.

बाहेर ऊन. द्वारकाने विचारलं,
"काय लिवलान तिनं?"
"कागद आणायला सांगितलेत. सात."
"मग आणू. तोवर मी आहे."
असं म्हणाली, जणू शेजारच्या घरी
जरा बसते म्हणतंय कुणी.

चिठ्ठी मी ब्लाउजमध्ये खोचली.
रिक्षात तिला आधी चढवलं,
पाय नीट आत घेतले,
आणि रिक्षावाल्याला म्हटलं,
सावकाश घे रे बाबा,
पुलावर खड्डे आहेत.