घेणेकरीण

उद्यमनगरात रात्री लेथ थांबतो
तेव्हा तेलाचा वास जरा मोठ्यानं येतो.
तरावीहहून परतलेला कादिर
चहाचा ग्लास ठेवून जातो,
मी शटर अर्धं ओढते
आणि अब्बांची वही उघडते.
लाल कापडाची. कोपरे उंदरांनी चाखलेले.

घरात ते दखनी बोलत,
गिऱ्हाइकाशी कोल्हापुरी,
अल्लाहशी अरबी, जमेल तेवढी.
हिशोब मात्र मराठीत.
डावीकडे येणं, उजवीकडे देणं,
आणि देण्यात, दर रमजानला,
बिडाच्या व्यापाऱ्याच्या खाली, लाइटबिलाच्या वर
एकच शब्द : चाळिसावा.

दानधर्माचं पान मागं होतं, निराळं.
उरुसाची वर्गणी,
तालमीतला पंजा, तालमीतलाच गणपती,
दारातल्या फकिराचे दहा रुपये.
मी एकदा विचारलं होतं,
हे चुकून इकडं लिहिलंय का?
कानस आपटून कीस झटकत ते म्हणाले,
"दान मनात आलं तर.
हे मनात न्हाई आलं तरी."

गेल्या शाबानपासून ते बागल चौकात, मातीखाली.
यंदा अक्षर माझं.

यंत्रं धरायची नाहीत, ती राबतात.
तयार व्हॉल्व्ह धरायचे : तीनशे बारा.
शिरोलीच्या कंपनीकडची उधारी धरायची,
मिळायची खात्री असेल तर, म्हणाले मौलवीसाहेब.
खात्री?
मी बराच वेळ पेनाचं टोपण चावते.
गुजरीत बांगड्या काट्यावर ठेवल्या,
भाव ऐकून आधी हरखले,
मग सुचलं, हरखणंही चाळीसनं भागायचं.

आणि एक गोष्ट इथंच लिहून टाकते.
बिडाचं पुढच्या महिन्याचं बिल
वर्ष भरायच्या आत, परवाच चुकतं केलं तर
आकडा उतरतो.
कॅल्क्युलेटरवर तसं करून बघितलं मी.
उतरला.
कादिर बाहेर मोटारसायकल पुसत होता,
कुणी बघत नव्हतं
आणि बी.कॉम.ला फर्स्ट क्लास होता मला.

पानं मागं उलटत गेले, उगाच.
पुराच्या साली
चाळिसाव्यापुढं आडवी रेघ.
निसाब भरला नाही.
त्याखाली, डाव्या बाजूला,
थरथरत्या हातानं :
आले.
रक्कम आहे. नाव नाही.
त्याच जूनमध्ये माझी फी भरली होती,
अब्बा म्हणाले होते, झाली काहीतरी सोय.

कॅल्क्युलेटर शून्यावर आणला.
परत पहिल्यापासून मोजलं.

सदर बाजारात, दुसऱ्या बोळात,
जैतुनबी मावशी वाकळ शिवत बसलेली.
तिच्या दारात जकात हा शब्द काढायचा नाही,
एवढं अब्बांनी बजावलेलं.
मी वाटेत दोन-तीन मऊ वाक्यं जुळवली होती,
ईद आलीय, मुलांना काहीतरी, असली.
तिनं पाकीट घेतलं,
न मोजता उशीखाली सरकवलं,
सुई दातात धरून
माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं.
"सव्वीस रोजं झालं की गं.
दस्तगीर विसाच्या आत याचा."

कानशिलं तापली माझी.
इतकं दिलं आणि वर हे?
बोळ ओलांडेपर्यंत,
खरं तर दसरा चौकाच्या सिग्नलपर्यंत
तोच राग.
मग हिरवा दिवा लागला, मागची रिक्षा ओरडली,
आणि आठवलं
बिडाचा व्यापारीही अगदी असाच बोलतो,
उशीर झाला की.
कुणाचं कुणाकडं होतं
ते तिला नीट ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

गाडी वळवली.
दारात उभी राहून म्हटलं,
चुकलं मावशी,
पुढच्या साली विसाच्या आत.

तिनं दोरा तोडला.
"व्याज चालत न्हाई आपल्यात,
म्हणून वाचलीस," म्हणाली,
आणि सरकून
वाकळेवर बसायला जागा केली.