साठा नोंदवही, पान सत्तावीस

नंदुरबारला, नगरपालिकेच्या गोदामात
धुराचं मशीन आणि मोडक्या बाकांच्या मधे
महाराज उभे आहेत.
उभे म्हणावं, तर छातीपर्यंतच.

चौकात आता ब्रॉन्झचा घोडा आलाय,
पुढचे दोन्ही पाय हवेत. लांबून फार शोभतो.
जवळ गेलं की टापा दिसतात
आणि टापांच्या वर आभाळ.

ह्यांचं तसं नव्हतं.
सायकलवरून न उतरता
ह्यांच्या डोळ्याला डोळा देता यायचा.
प्लॅस्टरचे. दर जयंतीला नवा रंग,
आणि सुकलाल पेंटर
भुवया काढताना हटकून चुकायचा,
म्हणून एका वर्षी महाराज रागावलेले,
एका वर्षी नुसते विचारात,
आणि ज्या वर्षी त्याची मुलगी गेली
त्या वर्षी कुणी काही बोललं नाही,
पण मिरचीच्या पथारीवरून परतणाऱ्या बाया
चौकात जरा थांबून
पदर सारखा करायच्या.

सोमवारी ऑडिट.
अनुक्रमांक एकशे चौदा: अर्धपुतळा, एक नग.
नग. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
ज्यानं किल्ले मोजले, माणसं जोखली,
त्याला नगात मोजायचं?
पण रकाना तेवढाच रुंद आहे.
पुढे: सुस्थितीत, नादुरुस्त, की निर्लेखनास पात्र?
नाकाचा टवका गेलाय, एवढंच.
साहेब म्हणाले, प्रकाशाला नेऊन
तापीत सोडा रात्री.
साहेब नवे आहेत.
मी म्हटलं, गाडीला डिझेल नाही.

उखर्डू मात्र रोज येतो.
पस्तीस वर्षं चबुतऱ्यावर चढून हार घातला,
गुडघे गेले त्यात.
नव्या पुतळ्याला क्रेन लागते,
ती येते वर्षातून दोनदा.
"आते बरं शे," म्हणतो, "हात पुरस."
हाराचे दहा रुपये मी
खिळे, फिनेल आणि सुतळीत दाखवतो.

रकाना शेवटी पेन्सिलीनं भरला,
बारीक अक्षरात: वापरात आहे.

ऑडिटर नाशिकचे.
दुपारी वारा फिरला की
पथारीवरची मिरची गोदामात शिरते,
आम्हाला सवय आहे.
ते शिंकतील.
तेवढ्यात पान उलटायचं.