दंडाची पावती

काळ्या घोड्यापाशी सिग्नल लागतो.
वर महाराज, खाली रिक्षांचा धूर.
मी मान वर करत नाही फारशी.

माझ्या पर्समध्ये एक पावती आहे :
सुभानजी काटकर, मोतद्दार, पागा.
मुलगी शाळेत धाडली नाही. दंड दोन आणे.

त्या दोन आण्यांपायी पणजोबा
महिनाभर सरकारच्या नावानं बोटं मोडत होते म्हणे,
घोड्यांनासुद्धा ऐकवत.
तिसऱ्या दंडाला हरले,
आणि चंद्राला शाळेत बसवून आले,
पाटी न देताच.

पावतीच्या पाठीवर तिनं
नाव गिरवलंय, सात वेळा.
सातव्यांदा ‘द्र’ जमलाय.

सिग्नल सुटतो.
कोर्टात आज एका बापाला
मी दंड ठोठावणार आहे.
किती, ते अजून
ठरलेलं नाही.